किद्दुशच्या शरबताला सांगलीचा बेदाणा: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे तीन ढीग हमखास दिसतात: पिवळा, हिरवट आणि काळा. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, किद्दुशसाठी (वाईनच्या पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी) शरबत करायचे असेल तर काळाच घ्या. पिवळा दिसायला देखणा, खिरीला आणि पुलावाला उत्तम. पण त्याचा रंग गंधकाच्या धुरीने टिकवलेला असतो आणि रात्रभर भिजवला की तो वास पाण्यात उतरतो. वास मारणाऱ्या वाईनवर किद्दुश करू नये, असा ज्यू धर्मशास्त्राचाच नियम आहे. हिरवट बेदाणा चालतो, पण शरबत पांचट लागते.

वाईनऐवजी बेदाणा चालतो का, हे हटकून विचारले जाते. चालतो. मनुकांच्या वाईनवर किद्दुश करायला तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथानेच मुभा दिली आहे, आणि कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांनी मनुकांच्या शरबतावरच शब्बाथ साजरा करत आणला. ज्यू नसलेल्या हातांनी केलेली वाईन कोशर (धर्मनियमांप्रमाणे चालणारी) धरत नाहीत, म्हणून देखरेखीचे प्रमाणपत्र नसलेली बाटली कितीही उंची असली तरी उपयोगाची नाही. बेदाणा मात्र नुसते सुके फळ. तो कुणी पिकवला, कुणी विकला, याने अडत नाही.

अट एवढीच की न भिजवता दाबला तर त्यातून ओल बाहेर यायला हवी. म्हणून दुकानात चार दाणे चिमटीत दाबून बघा. बोटांना चिकटपणा लागला तर घ्या. दाणा कडक राहिला किंवा पापुद्र्यासारखा तुटला तर तो जुना, वाळून गेलेला माल आहे. असा बेदाणा भिजवून फुगतो, गोडही लागतो, पण त्याच्या पाण्याला वाईनचा मान मिळत नाही. ही परीक्षा सुट्या मालावरच जमते. बंद पाकिटात नाही.

दुसरी चूक पाण्याची. एका मापाला सहा मापे पाणी झाले की द्राक्षवेलीच्या फळाची ‘हगाफेन’ ही बेराखा (आशीर्वाद) म्हणता येत नाही. एक वाटी बेदाण्याला दोन वाट्या पाणी धरा, शंकाच उरत नाही. आधी कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून चोळून धुवा. देठाशी अळी किंवा जाळी आहे का ते पाहा, कारण किडा पोटात जाणे तोराने (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाने) निषिद्ध ठरवले आहे. मग स्वच्छ पाण्यात सात-आठ तास भिजवा, हाताने कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. मिक्सर फार वेळ फिरवला तर सालीचा तुरटपणा उतरतो. पेला किमान ८६ मिलिलिटरचा हवा आणि त्यातले अर्ध्याहून जास्त प्यायला हवे.

हे सगळे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी उरका. शब्बाथ लागल्यावर दाणे पिळणे आणि चोथा गाळणे, दोन्ही मना आहे. शनिवार सकाळचा वाटा फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या सांगलीत बाहेर ठेवलेल्या शरबताला सकाळपर्यंत फेस येतो. फेसाने बिघडत नाही, आंबून व्हिनेगर झाले तर मात्र टाकावे लागते.

एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा: माल धुतल्यावर वरून तेल लावले आहे का? शिवाय तासगाव-सांगली पट्ट्यात द्राक्षे सुकवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्याने सालीवरचा मेणचट थर सुटून पाणी लवकर निघते. ते डिपिंग ऑइल ओलिक आम्लापासून बनते, आणि हे आम्ल वनस्पतीतूनही येते, चरबीतूनही. काटेकोर पाळणाऱ्यांनी कोशर प्रमाणपत्राचे पाकीट घ्यावे किंवा आपल्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचारावे. पेसाह या वसंतातल्या सणासाठी तर हे आधीच विचारून ठेवा. बाकीच्यांनी निदान झगझगीत चमकणारा दाणा टाळावा.

बेने इस्राएलांच्या मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाला, हाच काळा बेदाणा घालू नका. पोहे काळपट दिसतात. तिथे हिरवट बरा.

२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या बेदाण्याचा नवा माल उन्हाळ्याच्या तोंडाला, म्हणजे पेसाहच्या सुमारास येतो. सौद्यात १५ किलोची पेटी चालते. घरासाठी सुटा अर्धा किलो घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे चिमटीतली ओल टिकते.