उतारावरचा प्लॉट: बावधनकडचा की मुळशीतला?

भाव, रस्ता, व्ह्यू यावर एजंट तासभर बोलतो. मातीचं विचारलं की "सगळा कडक मुरूम आहे साहेब" म्हणून मोकळा. एनए (बिगरशेती) आहे, उतार १:५ च्या आत आहे, मग झालं, असं आपणही धरून चालतो. पण १:५ चा नियम फक्त चढ मोजतो (पाच फुटांत एक फूट चढ, म्हणजे जेमतेम ११ अंश), पोटात काय आहे ते नाही.

पुण्याजवळच्या बावधन, सूस, बाणेरच्या टेकड्यांवर माती मुळातच थोडी. हातभर खणलं की मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरूम भरड असतो, पाणी धरून ठेवत नाही, आणि शहराकडे पाऊसही वर्षाला ७००-७५० मिलिमीटरच्या आसपास. अख्खा उतार सुटून येण्याची भीती इथे कमी. इथली गोम भरावात आहे. प्लॉट सपाट करताना वरची बाजू कापतात आणि निघालेला माल खालच्या बाजूला डंपरने ओततात. मग अर्धं घर खडकावर, अर्धं भुसभुशीत भरावावर. पावसाळ्यात भराव बसतो, आणि तडा जातो तो बरोबर सांध्यावर. थर देऊन, रोलर फिरवून केलेला भराव वेगळा. पण तसा क्वचितच बघायला मिळतो.

मुळशी-मावळचं गणितच निराळं. घाटमाथ्याकडे पाऊस कित्येक पट. लोणावळ्यात ४००० मिलिमीटरच्या पुढे. इतक्या पाण्यात खडक खोलवर कुजतो आणि त्याची तांबडी, चिकट माती होते, काही ठिकाणी पुरुषभर जाड. ती पाणी पिते आणि सोडत नाही. वजन वाढतं, आतल्या पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो. खाली अभंग खडक किंवा दोन लाव्हाथरांमधला तांबडा चिकण पट्टा असला, तर पाणी तिथेच अडतं, आणि वरचं सगळं त्याच पातळीवरून घसरतं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. तेही आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात. डोंगर तिथे कायमच होता. मुसळधार पावसाने त्याची माती सुटली.

पायथ्याची काळी जमीन स्वस्त मिळते. ती घसरत नाही, पण फुगते-आकसते आणि भिंती फोडते. पायाचा खर्च धरून मगच स्वस्त म्हणा.

सारख्या पैशात मी बावधनकडचा प्लॉट घेईन, तोही कापीव बाजूचा. मुळशीच हवं असेल तर डोंगराच्या सोंडेवरचा बघा, घळीतला नको. घळीत माती जाड साचते आणि पाणीही तिथेच गोळा होतं. जुलैत जा. उताराच्या मध्येच झरा फुटलाय का, झाडं खाली कललीत का, रस्त्यासाठी पायथा कापलाय का, ते बघा. शेजारच्या रिटेनिंग वॉलचे (माती अडवणाऱ्या भिंतीचे) पाणी काढायचे पाइप भर पावसात कोरडे असतील, तर पाणी भिंतीमागे तुंबलंय असं समजा. आणि इसार देण्याआधी जेसीबीने एक खड्डा खणून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणाला, तर पुढचा प्लॉट बघा.