सार्जंटची पॅरिसमधली बारा वर्षे: एका व्याख्यानमालेविषयी

जॉन सिंगर सार्जंट हा अमेरिकी व्यक्तिचित्रकार १८७४ मध्ये पॅरिसला आला आणि १८८६ मध्ये लंडनला कायमचा निघून गेला. मधल्या बारा वर्षांवर एका कलासंस्थेने तयार केलेली सहा भागांची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानमाला मी नुकतीच पूर्ण पाहिली. तैलरंगात व्यक्तिचित्र करू पाहणाऱ्याने तिचा दुसरा भाग तरी पाहावाच, असे मला मनापासून वाटते.

हा भाग सार्जंटचे गुरू, फ्रेंच चित्रकार कारोल्युस-द्युराँ यांच्या पॅरिसमधल्या चित्रशाळेविषयी आहे. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला सार्जंट वयाच्या अठराव्या वर्षी तिथे दाखल झाला. आधी दीर्घकाळ रेखाटन आणि मग रंग, असा त्या काळच्या शिक्षणाचा रूढ क्रम होता; द्युराँ मात्र विद्यार्थ्याच्या हाती थेट कुंचला देत, चेहऱ्यावरची मधली छटा आधी नेमकी पकडायला लावत, मग तिच्या आधाराने गडद आणि उजळ भाग बसवायला सांगत आणि सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केस अभ्यासा असे पुनःपुन्हा बजावत. व्याख्यात्या बाईंनी ही पद्धत कॅनव्हासवर स्वतः करून दाखवली आहे. गालाचा रंग ओला असतानाच त्यात जबड्याची सावली मिसळते, तो क्षण मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

पुढचा भागही तितकाच कसदार आहे. गुरूचेच व्यक्तिचित्र सार्जंटने १८७९ च्या सलाँ या पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनात मांडले, त्याच वर्षी माद्रिदला जाऊन वेलास्केसच्या 'लास मेनिनास' या अंधाऱ्या दालनातल्या राजकन्येच्या चित्राची प्रतिकृती केली, आणि तीन वर्षांनी बॉइट कुटुंबाच्या चार मुली रंगवताना त्यांतल्या दोघींना मागच्या अंधारात उभे केले. अंधाराला चित्रात एवढी जागा देण्याचे धैर्य कुठून आले, हे वेलास्केसचे आणि बॉइट मुलींचे अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून उत्तम उलगडले आहे. लाल झग्यातले पॅरिसचे शल्यचिकित्सक डॉ. पोझी यांचे चित्र मात्र घाईने उरकले आहे.

माझा खरा आक्षेप चौथ्या आणि पाचव्या भागाला आहे. मादाम गोत्रो यांच्या 'मादाम एक्स' या व्यक्तिचित्रावर १८८४ मध्ये उठलेला गदारोळ, त्यातला खांद्यावरून घसरलेला आणि नंतर पुन्हा रंगवून जागेवर आणलेला झग्याचा पट्टा, यांतच दोन्ही भाग संपतात. मादाम गोत्रो यांची कितीतरी रेखाटने करून सार्जंटने ती बाजूला वळलेली मान आणि मेजावर टेकलेला पिळलेला हात शोधला होता. त्या शोधाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. ज्या चित्रकाराने हे चित्र तीस वर्षांहून अधिक काळ स्वतःजवळ ठेवले आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकले, त्याचे त्यातल्या कामावर किती प्रेम असेल, याचा विचार इथे व्हायला हवा होता.

चित्रांचे छायाचित्रण मात्र इतके स्वच्छ आहे की कुंचल्याच्या केसांचे ओरखडे मोजता येतात, त्यामुळे ही मालिका शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावी.