पोटाला बांधायचा प्रसूती-सराव संच : एका वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरातील एका नर्सिंग शाळेत मी प्रसूतिशास्त्र शिकवते. मागील वर्षी आमच्या संस्थेने एएनएम आणि जीएनएम या परिचारिका अभ्यासक्रमांच्या विद्यार्थिनींसाठी पट्ट्यांनी पोटाला बांधायचा प्रसूती-सराव संच खरेदी केला. अशा रचनेचे संच एकाहून अधिक कंपन्या बनवतात. त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या कंपनीबद्दल नसून या रचनेबद्दल आहे, आणि खरेदीचा विचार करणाऱ्या शाळांना त्याचा उपयोग व्हावा हा त्यामागील हेतू आहे.

यापूर्वी आमच्याकडे टेबलावर ठेवायचे प्लास्टिकचे ओटीपोट होते. त्यातून डोके कसे वळते आणि खांदे कसे बाहेर येतात हे दाखवता येत असे, पण ते ओटीपोट बोलत नसे, कण्हत नसे आणि पाणीही मागत नसे. नव्या संचात शिकवणारी व्यक्ती स्वतःच बाळंतीण होते. ती संच पोटावर बांधून खाटेवर पडते, आवरणाखाली दोन्ही हात घालून बाळाचे डोके पुढे सरकवते किंवा रोखून धरते, वार मागाहून सोडते, गर्भपिशवी (गर्भाशय) घट्ट किंवा सैल करते आणि झडप उघडून लाल पाणी वाहू देते. बाळाच्या बाहुलीत सुमारे दोन लिटर कोमट पाणी भरले की तिला अंगचे वजन येते, आणि रबरी फुगे दाबून नाळेचे ठोके, श्वास व रडणे दाखवता येते.

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ मला अपेक्षित नव्हता. मी तंत्राच्या सरावासाठी संच मागवला होता. प्रत्यक्षात मुली त्यातून बोलायला शिकल्या. आमच्या विद्यार्थिनींना पुढे ज्या बाया भेटतील त्यांपैकी शहराच्या पूर्व भागातील अनेकींची घरची भाषा तेलुगू असते आणि अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यांतून येणाऱ्या अनेकींची कन्नड. सरावाच्या वेळी मी खाटेवरून मराठीऐवजी ‘नोप्पि’ किंवा ‘नोवु’ असे म्हणून कळा येत असल्याचे सांगते, आणि समोरची मुलगी कोणत्या स्वरात उत्तर देते हे माझ्या सहकारी शिक्षिका चेकलिस्टवर नोंदवतात. एकदा मी संच विद्यार्थिनीच्याच पोटाला बांधला आणि इतर तिघींना तिच्याशी एक शब्दही न बोलता तपासणी करायला सांगितली. पाच मिनिटांतच तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून आमच्या वर्गात हात लावण्यापूर्वी ‘ताई, मी आता तपासते, चालेल ना?’ असे विचारले जाते. हे एकटे कारणसुद्धा मला या खरेदीसाठी पुरेसे वाटते.

रक्तस्रावाचा सराव हे या संचाचे दुसरे बळ आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर पहिल्या 24 तासांत 500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर तो प्रसूतिपश्चात रक्तस्राव, ही व्याख्या मुली तोंडपाठ म्हणतात. परंतु मी मोजून 500 मिलिलिटर लाल पाणी जाड सोलापुरी चादरीवर सोडले तेव्हा बहुतेकींनी ते निम्म्याहूनही कमी असल्याचे सांगितले, कारण चादर रक्त पिऊन टाकते आणि डोळ्यांना फक्त डाग दिसतो. म्हणून आम्ही संचासोबत मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची रक्तसंकलन पिशवीही वापरू लागलो. खुणा केलेल्या अशा पिशवीचा इतिहास आपल्या शेजारचाच आहे : बेळगाव परिसरात 1620 स्त्रियांवर झालेल्या आणि 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिसोप्रोस्टॉल या गर्भपिशवी आवळणाऱ्या गोळ्यांच्या अभ्यासात रक्त मोजण्यासाठी तशीच पिशवी वापरली गेली होती, आणि त्या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले होते. मुलींना हे सांगितले की त्यांना ती पिशवी केवळ परीक्षेपुरती वाटत नाही.

सरावाचा क्रम आम्ही असा ठेवला आहे की बाळ बाहेर येताच एका मिनिटाच्या आत आईला गर्भपिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची 10 युनिट स्नायूत द्यायची, नाळ कापायला एक ते तीन मिनिटे थांबायचे, एका हाताने गर्भपिशवीला ओटीपोटावरून आधार देत दुसऱ्या हाताने नाळ नियंत्रित ओढून वार काढायची, आणि ती पूर्ण आली की नाही हे पाहायचे. संचातील वारेचा एक तुकडा वेगळा होतो. मी तो मुद्दाम आत ठेवते; जी मुलगी वार न तपासता तबकात टाकते तिच्या डोळ्यांदेखत रक्त पुन्हा वाहू लागते. मग गर्भपिशवी चोळायला तिचा हात आपोआप ओटीपोटावर जातो. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, हे सोलापूरच्या मे महिन्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही सरावाची रिकामी कुपी मी मुद्दाम फ्रीजमध्येच ठेवते आणि ती आणायला विसरलेल्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावते.

बाळ न रडल्यास पहिल्या मिनिटाच्या आत श्वास देणे सुरू झाले पाहिजे, आणि त्यासाठी पुसणे झटपट व्हावे लागते. येथे एक लहान पण महत्त्वाची सूचना करते. आपल्याकडे टॉवेलांना तोटा नाही, परंतु दुकानातून आणलेला कोरा टॉवेल पाणी नीट शोषत नाही. तो दोन-तीनदा धुऊन घ्यावा. कोऱ्या टॉवेलाने बाळ पुसताना मुलींचे अर्धे मिनिट वाया गेलेले मी पाहिले आहे.

आता उणिवा. संचातील योनिमार्ग कापडी असल्यामुळे डोके बाहेर येताना शिवणीच्या जागेला (योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला) आधार कसा द्यावा, ती कधी ताणते आणि कधी फाटण्याच्या बेतात येते, हे हाताला कळत नाही. टाके घालण्याच्या सरावासाठी आम्हाला वेगळे स्पंजाचे ठोकळे घ्यावे लागले. उन्हाळ्यात हे आवरण अर्धा तास बांधून पडणे असह्य होते. लाल रंगाचे डाग चादरीवरून जात नाहीत. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे रक्ताची झडप दोनदा अडकली; त्यानंतर आम्ही गाळलेले पाणी वापरतो आणि सराव संपताच टाकी स्वच्छ धुऊन वाळवतो. शिवाय संच बांधणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून निरीक्षणासाठी दुसरी शिक्षिका असलीच पाहिजे. एकच शिक्षिका असलेल्या शाळेने हा संच घेतला तर त्याचा निम्मा उपयोग वाया जाईल.

माझी खरी तक्रार मात्र प्रसूतीनंतरच्या काळजीबद्दल आहे. पुरवठादाराने दिलेल्या माहितीत ‘प्रसूती आणि प्रसूतिपश्चात काळजी’ असे शब्द होते. प्रत्यक्षात वार पडून रक्त थांबले की संचाचे काम संपते. पण बाळंतिणीची काळजी तेथेच सुरू होते. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी गर्भपिशवीचा घट्टपणा आणि अंगावरून जाणे पाहायचे असते, पहिल्या तासातच बाळाला छातीशी घेऊन चीक पाजायचा असतो, आणि पुढे गर्भपिशवी रोज साधारण एक बोट खाली उतरते की नाही हे हाताने ओळखायचे असते. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी संचात काहीच नाही. आम्ही शिंप्याकडून कापसाच्या तीन वेगवेगळ्या आकारांच्या गर्भपिशव्या शिवून घेतल्या, लोकरीचे स्तन विणले, आणि पॅडवर मोजून रंग टाकून पहिल्या दिवसाचा लाल, नंतरचा तपकिरी आणि शेवटचा पांढरट स्राव दाखवू लागलो. तासाभरात पॅड पूर्ण भिजले, ताप आला, दुर्गंधी आली किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर काय करायचे, हे आता मुली एकमेकींच्या पोटाला हात लावून, घरभेटीचा प्रसंग उभा करून शिकतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. एएनएम होणाऱ्या मुलींना पुढे आशाताईंना हेच दाखवून द्यायचे असल्यामुळे या भागाला मी आता प्रसूतीइतकेच तास देते.

किंमत लहान संस्थेला जड वाटावी अशी आहे, तरीही टेबलावरचे ओटीपोट आणि हा संच यांत निवड करायची झाली तर मी हाच घेईन. घेताना सुटे भाग वेगळे मिळतात का, वार, नाळ आणि झडप किती दिवसांत पोहोचतात, हे आधी लेखी मागून घ्यावे. आमची दुसरी नाळ सहा आठवड्यांनी आली, आणि तोवर तुकडीचा सराव जाड सुती दोरीवर चालला.