कोर्टासमोरचं टायपिंगचं दुकान : एलएलबीचं जर्नल इथून करावं का? (5 पैकी 4)

प्रॅक्टिकलचं जर्नल, म्हणजे परीक्षेला लावायची फाइल, इथून करावं का असं लास्ट इयरची पोरंपोरी सारखी विचारतात म्हणून एकदाचं लिहून टाकते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं कोर्ट, त्याच्या गेटसमोर टीनाच्या शेडमधलं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, नाव टाकत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण आहे.

टायपिंगला तोड नाही. ड्राफ्टिंगच्या पेपरला जर्नलात 15 ड्राफ्टिंगचे (कोर्टाचे अर्ज, दावे लिहायचे) आणि 15 कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखतासारखे दस्त लिहायचे) एक्झरसाइज लागतात, 45 अधिक 45 मार्क आणि 10 ची व्हायवा (तोंडी परीक्षा), हे वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमातच आहे, आणि कॉलेजात शिकवतात ते सगळं इंग्रजीत, मग मराठीत खरेदीखत लिहायला बसलं की हात थांबतो. इथले काका आयुष्यभर दस्तच टाइप करत आलेले. माझ्या मैत्रिणीचं खरेदीखत टाइप करता करता थांबले, चष्मा कपाळावर नेला अन् म्हणे, "पोरी, चतुःसीमा कुठं गेली वं? पूर्वेले कोणाचं वावर, पश्चिमेले कोणाचं, हे नाई लिवलं तं कोणतं वावर इकलं हे समजन कसं?" मग तिच्याकडून तिच्या बाबाचा सातबारा मागवला, मौजा (गाव), गट नंबर, आराजी (क्षेत्रफळ), भोगवटादार वर्ग 1 (जमीन कोणत्या हक्काची ते) सगळं ओळीनं बसवून दिलं. एवढं बारीक कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं बाप्पा.

पण कॉम्प्युटरमधले नमुने जुने आहेत, तिथं डोळे उघडे ठेवा. जामीन अर्जावर अजून दंड प्रक्रिया संहिता कलम 439 च येते, 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिचं ते 483 झालं, अटकपूर्वचं 438 होतं ते आता 482. सांगितलं की लगेच बदलतात, कुरकुर नाही. आणि फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असते, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतली तर मोबाइलात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून पीडीएफच मागा.

आता एक स्टार काहून कापला ते. काउंटरच्या खालच्या खणात मागच्या बॅचच्या भरलेल्या डायऱ्यांचे (कोर्टात काय पाहिलं त्याच्या नोंदवह्यांचे) झेरॉक्स ठेवलेले असतात, नाव अन् रोल नंबर बदलून मिळतात. काका नाही विकत, दुकानावर बसणारा त्यांचा पुतण्या विकतो. मूट कोर्टच्या पेपरला तीन मूटचे (कॉलेजातल्या नकली खटल्यांचे) 30 मार्क, एक दिवाणी अन् एक फौजदारी केस कोर्टात बसून पाहायची त्याचे 30, पक्षकाराची मुलाखत आणि इंटर्नशिप डायरीचे 30, वरून 10 ची व्हायवा. केस पाहायची म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं ते लिहायचं असते. आमच्यातल्या एकानं ती रेडिमेड डायरी लावली, त्यात साक्षीदाराची उलटतपासणी रविवारी झालेली! सरांनी मोबाइलात कॅलेंडर उघडून त्याच्यासमोर धरलं. खरं म्हणजे कोर्ट रस्त्याच्या पलीकडंच आहे, ओपन कोर्टात मागच्या बाकावर बसायला कोणी अडवत नाही, तिथं दुपारभर बसलं तर डायरी आपोआप भरते, अन् खोट्या पानांचे पैसेही वाचतात.

इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मात्र इथं मागू नका, "सही वकीलसाहेबाची, मी फक्त टाइप करतो" म्हणून काका सरळ हाकलतात, आणि बरोबर करतात. तीन वर्षांच्या कोर्सला कमीत कमी 12 आठवडे लागतात, पाच वर्षांच्याला 20, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर चालत नाही, म्हणजे शेवटच्या वर्षी एकदम उरकू म्हटलं तर जमत नाही. कापूस वेचणीत घरी थांबलेल्यांनी हाजरी पण बघून घ्या, 70 टक्के प्रत्येक विषयाला.

रेट ठीक आहे, बाइंडिंग मजबूत, स्पायरलपेक्षा दोरा मारलेलं घ्या. सकाळी अकराच्या आत जा, कोर्ट सुरू झालं की वकिलांचीच गर्दी, आपला नंबर चार वाजेपर्यंत लागत नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, झेरॉक्स मशीन बंद.