चोवीस वर्षांनी पुन्हा गणित: कम्युनिटी कॉलेजच्या ट्युटरिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव

बारावीला सुटलेलं गणित गेल्या ऑगस्टमध्ये पुन्हा हातात घेतलं. मला नर्सिंगची पदवी करायचीय आणि त्यासाठी इथे कॅलिफोर्नियात स्टॅटिस्टिक्स लागतं. दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर काम, संध्याकाळी कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज), मग घर. माझ्यासारख्याच नोकरी-संसार सांभाळणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पैशांचं. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर फी आहे. आमच्या कॉलेजात ट्युटरिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. पूर्वी प्लेसमेंट परीक्षेत (कोणत्या पातळीपासून सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या चाचणीत) कमी पडलं की पायाभूत गणिताचे कोर्स एकामागून एक करावे लागत, ते पदवीत धरले जात नसत आणि कितीतरी जण तिथेच सोडून देत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर थेट मुख्य विषयाला बसता येतं. सोबत मदतीचा जोडवर्ग असतो. मी तोच घेतला.

त्या वर्गात एक विद्यार्थी-ट्युटर बसतो. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच. मदत केंद्रात जाऊन ‘मला येत नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. इथे तोच बाकापाशी यायचा. झेड-स्कोअरला मी अडले होते, सूत्र पाठ पण अर्थ कळेना. मार्कांची सरासरी ६४, प्रमाण विचलन (मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) ४. माझ्या मुलाच्या वयाच्या त्या पोराने माझ्याच वहीत आडवी रेघ ओढली, मधे ६४ लिहिलं, पुढे ६८, ७२. “आता ७० कुठे?” मी ६८ आणि ७२ च्या मधोमध पेन टेकवलं. “म्हणजे ६४ पासून किती पावलं?” दीड! तोच झेड. मार्कांचा आलेख नॉर्मल वक्र (मधे फुगीर, घंटेसारखा) असेल तर शंभरातले साधारण त्र्याण्णव जण त्या पेनाच्या डावीकडे. त्या रात्री उरलेली गणितं मी एकटीने सोडवली.

तक्रार एकच, पण मोठी. मदत केंद्र सहाला बंद होतं. मी साडेपाचला सुटते, गाडी लावून पोचेपर्यंत दाराला कुलूप. नोकरी करणाऱ्यांनी जायचं कधी? रात्री ऑनलाइन ट्युटर मिळतो, पण परीक्षेच्या आठवड्यात मी दोनदा पंचवीस मिनिटं ताटकळले.

इंग्रजीच्या निबंधाला रायटिंग सेंटरचा उपयोग झाला. तिथे चुका दुरुस्त करून देत नाहीत, मोठ्याने वाचायला लावतात, आणि अडखळलं की आपलं आपल्यालाच कळतं.

पुढच्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी घेतेय. वर्गात ट्युटर बसणार आहे का, हे ऑफिसात विचारून मगच नाव घातलंय.