पॅनोरमा डब्याच्या नावाखाली विकलेले वेळापत्रक

स्वित्झर्लंडमधल्या निसर्गदर्शनाच्या रेल्वेगाडीचे आरक्षण करताना आमची जी फसवणूक झाली, तिच्यात बनावट तिकीट कुठेच नव्हते. ठकवणाऱ्याने आम्हांला खोटे तिकीट दिले असते, तर पोलिसांत जाणे आणि बँकेला पटवणे सोपे गेले असते. आम्हांला विकले गेले ते रेल्वेचे वेळापत्रक, जे तिथल्या कोणत्याही स्थानकावर आणि रेल्वेच्या अ‍ॅपवर फुकट पाहायला मिळते. आणि त्यासाठी आमच्याकडून जी रक्कम घेण्यात आली, ती खऱ्या आरक्षणशुल्काच्या तिपटीहून अधिक होती. हा प्रकार अजूनही चालू आहे, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

फसवणूक कशी शक्य झाली हे समजण्यासाठी तिथली एक व्यवस्था आधी नीट लक्षात घ्यावी लागते. झेरमाट ते सेंट मोरित्झ धावणाऱ्या ग्लेशियर एक्सप्रेससाठी प्रवासभाडे आणि आसनाचे आरक्षण या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी पर्यटकांसाठी असलेला स्विस ट्रॅव्हल पास जवळ असेल, तर भाडे त्यातच येते. मात्र आसनाचे आरक्षण सक्तीचे असून त्याचे शुल्क पासधारकालाही वेगळे भरावे लागते. खूरहून इटलीतल्या तिरानोपर्यंत जाणाऱ्या बर्निना एक्सप्रेसचा नियमही हाच आहे. या दोन्ही मार्गांवर, त्याच रुळांवरून आणि त्याच पुलांवरून, नेहमीच्या प्रवासी गाड्याही दिवसभर धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि पास असेल तर एक फ्रँकही अधिक द्यावा लागत नाही. म्हणजे मार्ग एक, पण गाड्या दोन प्रकारच्या. सगळा गंडा या फटीतून घातला जातो.

आम्ही चौघे होतो आणि त्यांत माझे वयस्कर आई-वडील होते. ग्लेशियर एक्सप्रेसचा प्रवास सुमारे आठ तासांचा आहे. वाटेत 291 पूल आणि 91 बोगदे लागतात आणि 2033 मीटर उंचीची ओबराल्प खिंड ओलांडावी लागते. या सगळ्या वाटेत एकदाही गाडी बदलावी लागत नाही, सामान एका जागी राहते आणि जेवण जागेवर मिळते, एवढ्याच कारणासाठी आम्ही ती निवडली होती. केवळ दृश्येच पाहायची असती, तर आम्ही दोघे पती-पत्नी नेहमीच्या गाडीने आनंदाने गेलो असतो. तिच्या काही जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडता येतात आणि काचेवरच्या प्रतिबिंबांविना छायाचित्रे घेता येतात, तर पॅनोरमा डब्याच्या काचा छतापर्यंत वळलेल्या असल्या तरी कायमच्या बंद असतात. (ज्या ऱ्होन हिमनदीमुळे या गाडीला तिचे नाव मिळाले, तीही आता या प्रवासात दिसत नाही, कारण 1982 मध्ये फुर्का बोगदा सुरू झाल्यापासून गाडी पंधरा किलोमीटरहून लांब असलेल्या त्या बोगद्यातून जाते. जाहिरातींतून मात्र हिमनदी हटलेली नाही.)

गाडीचे नाव टाकून शोध घेतला, तेव्हा सर्वांत वर जे संकेतस्थळ आले ते पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. त्याच्या पत्त्यात गाडीचे नाव होते, पानावर लाल डब्यांची छायाचित्रे होती, स्वित्झर्लंडचा पांढरा क्रूस होता आणि प्रवाशांचे अभिप्रायही होते. पास आहे का, असा प्रश्न तिथे विचारला जात होता आणि ‘होय’ म्हटल्यावर रक्कम लगेच कमी होऊन ‘पासधारकांसाठी सवलतीचा दर’ अशी ओळ उमटत होती. हा प्रश्न फार हुशारीने घातलेला आहे. ज्याने या गाड्यांविषयी थोडेफार वाचले आहे, त्याला पासाचा नियम ठाऊक असतो आणि तो नियम ज्या पानावर बरोबर सांगितलेला दिसतो, ते पान त्याला विश्वासार्ह वाटते. चौघांनाही खिडकीजवळची आसने हमखास मिळतील, असे आश्वासन त्याच पानावर ठळक अक्षरांत होते.

पैसे भरल्यावर काही मिनिटांतच पुष्टीची ईमेल आली. तिच्यात आमची नावे, तारीख, ‘झेरमाट ते सेंट मोरित्झ, पॅनोरमा प्रवास’ असा उल्लेख आणि त्या कंपनीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक होता. गाडी क्रमांक, डबा क्रमांक आणि आसन क्रमांक नव्हते. ‘आसनांचा तपशील प्रवासाच्या जवळच्या तारखेला पाठवला जाईल’ असे खाली लिहिले होते. मी त्याविषयी विचारणा केली, तेव्हा रेल्वेकडून गटासाठी घाऊक जागा घेतल्या आहेत आणि त्यांची वाटणी शेवटी होते, असे सभ्य भाषेतले उत्तर आले. त्यानंतर दोनदा स्मरणपत्र पाठवले आणि दोन्ही वेळा तेच उत्तर जसेच्या तसे परत आले.

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी, आम्ही झेरमाटला पोहोचलेलो असताना, ‘प्रवासपत्र’ नावाची फाइल आली. तिच्यात सकाळी झेरमाटहून निघणारी गाडी, व्हिस्पला बदल, आंडरमाटला बदल, डिझेंटिसला बदल, खूरला बदल आणि शेवटी सेंट मोरित्झ अशी जंत्री होती. प्रत्येक ओळीसमोर ‘आसन: खुले’ असे लिहिले होते. मी ती फाइल घेऊन स्थानकावरच्या तिकीट खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी ती एकदाच पाहिली आणि हे आरक्षण नसून नेहमीच्या गाड्यांचे वेळापत्रक आहे, या गाड्यांत बसायला आमचा पास पुरेसा आहे आणि या कागदाची मुळीच गरज नाही, असे शांतपणे सांगितले. असे कागद घेऊन येणारे आम्ही पहिले नव्हतो, हेही त्यांच्या बोलण्यातून कळले. दुसऱ्या दिवशीच्या ग्लेशियर एक्सप्रेसमध्ये चार जागा मिळतील का, असे विचारले, तर हंगाम भरात असल्यामुळे सगळ्या गाड्या भरलेल्या होत्या.

कंपनीला त्याच रात्री लिहिले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आम्ही ‘ग्लेशियर मार्गावरील पॅनोरमा प्रवास’ विकत घेतला होता, तो मार्ग आम्हांला मिळत आहे, दृश्ये तीच आहेत, आणि अटींमध्ये ‘किंवा समतुल्य निसर्गदर्शन गाडी’ असे शब्द असल्याने सेवा पूर्ण झाली आहे. अटी उघडून पाहिल्या, तर ते शब्द खरोखरच होते, एका लांबलचक परिच्छेदाच्या मध्यावर. फसवणुकीचे सगळे कसब या उत्तरात आहे, कारण त्यातला प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर खरा ठरतो. मार्ग तोच असतो. लांडवासरचा 65 मीटर उंचीचा वळणदार पूल, जो ओलांडताच गाडी थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते, तो नेहमीच्या गाडीतूनही तसाच दिसतो. पण जे पासामुळे आधीच फुकट मिळत होते, तेच आम्हांला पुन्हा विकले गेले आणि ज्यासाठी आम्ही पैसे मोजले होते, ती आसने कधी घेतलीच गेली नव्हती.

प्रवास आम्ही केला. वडिलांचा गुडघा दुखत असताना चार ठिकाणी सामानासह उतरणे आणि चढणे, आंडरमाटला गर्दीत बसायला जागा न मिळणे, हे सारे झाले. त्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

परत आल्यावर मी त्या संकेतस्थळाची तपासणी केली आणि जे आढळले ते आरक्षण करू इच्छिणाऱ्या कोणालाही पैसे भरण्यापूर्वी पडताळून पाहता येईल. ग्लेशियर एक्सप्रेस दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्णपणे बंद असते. मी त्या संकेतस्थळावर नोव्हेंबरच्या मध्यावरची तारीख टाकली. त्याने ती विनातक्रार स्वीकारली, चार खिडकीची आसने उपलब्ध असल्याचे दाखवले आणि ‘फक्त काही जागा शिल्लक’ अशी लाल पट्टीही झळकवली. जी गाडी त्या दिवशी धावणारच नाही, तिच्या जागा संपत आल्याचे जो सांगतो, त्याचा रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेशी काहीही संबंध नाही, हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा लागत नाही. मला स्वतःला ही चाचणी सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिला एक पैसा खर्च येत नाही आणि तिच्यात शब्दांची पळवाट काढता येत नाही.

खिडकीच्या हमीचेही तसेच आहे. या गाडीच्या दुसऱ्या वर्गात मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि समोरासमोरच्या चार आसनांमध्ये एक टेबल असते. म्हणजे एका टेबलाशी बसणाऱ्या चौघांपैकी दोघेच खिडकीशी असतात. प्रत्येकाला खिडकीची हमी फक्त ‘एक्सलन्स’ या सर्वांत महाग वर्गात आहे, जो 2019 मध्ये सुरू झाला. दुसऱ्या वर्गाच्या दरात चौघांनाही एकत्र आणि खिडकीशीच बसवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याने त्या डब्याचा आराखडाही पाहिलेला नाही, किंवा पाहूनही तो खोटे बोलत आहे. आसनव्यवस्था रेल्वेच्या अधिकृत पानांवर दिलेली असते. तिथे आरक्षण केल्यावर गाडी, डबा आणि आसन यांचे क्रमांक लगेच मिळतात आणि ‘नंतर कळवू’ हा प्रकार तिथे नसतो.

याच जातीचे आणखी दोन प्रकार त्या संकेतस्थळावर दिसले, ज्यांत आम्ही सापडलो नाही. माँट्रो ते इंटरलाकेन धावणारी गोल्डनपास एक्सप्रेस डिसेंबर 2022 पासून सुरू आहे. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात आरक्षण करणे इष्ट असले तरी सक्तीचे नाही. त्या पानावर मात्र ते सक्तीचे असल्याचे सांगून त्यासाठी भरमसाट शुल्क आकारले जात होते. दुसरा प्रकार युंगफ्राउयोखच्या गाडीचा. 3454 मीटर उंचीवरच्या त्या स्थानकापर्यंत स्विस ट्रॅव्हल पास पूर्ण चालत नाही. ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत तो ग्राह्य असतो आणि तिथून वर फक्त सवलत मिळते. ‘पास घ्या आणि युरोपच्या माथ्यावर मोफत जा’ असे लिहून तिथे पास विकले जात होते. असा पास घेतलेल्या माणसाला वरच्या टप्प्याचे तिकीट ऐन वेळी काढावे लागते, आणि पास खरा असल्यामुळे तक्रारीला जागाही फारशी उरत नाही.

सगळेच मध्यस्थ असे असतात, असे मला म्हणायचे नाही. रेल्वेकडून रीतसर जागा घेऊन वर आपले शुल्क लावणाऱ्या प्रवासी संस्था आहेत, आणि ज्यांना परदेशी संकेतस्थळांवर व्यवहार करणे जड जाते त्यांच्यासाठी ते शुल्क योग्यही असू शकते. अशा संस्थेकडे रेल्वेचे मूळ आरक्षणपत्र मागावे. प्रामाणिक मध्यस्थ ते देतो, कारण ते त्याच्याकडे असते.

पैसे परत मिळवण्याविषयी लिहितो, कारण तो भाग अनेकजण अर्ध्यावर सोडतात. कार्डाच्या बँकेकडे मी व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवली, तेव्हा ती पहिल्यांदा फेटाळली गेली. कंपनीने बँकेला तेच ‘प्रवासपत्र’ पाठवून सेवा दिल्याचे दाखवले होते आणि आम्ही त्या दिवशी त्या मार्गाने खरोखर प्रवासही केला होता. दुसऱ्या वेळी मी तक्रारीची मांडणी बदलली. सेवा मिळाली नाही, असे म्हणण्याऐवजी विकलेली वस्तू आणि दिलेली वस्तू वेगळी आहे, असे लिहिले आणि त्यासोबत चार गोष्टी जोडल्या: खरेदीच्या वेळी घेतलेली त्या पानाची छायाप्रत, ज्यात गाडीचे नाव आणि खिडकीच्या आसनाची हमी स्पष्ट दिसत होती, या गाडीत आरक्षण सक्तीचे असल्याचे सांगणारे रेल्वेचे अधिकृत पान, ‘आसन: खुले’ असे लिहिलेली फाइल, आणि नोव्हेंबरच्या तारखेला जागा दाखवणाऱ्या पानाची छायाप्रत. यांपैकी पहिली वस्तू नसती तर बाकीच्यांचा उपयोग झाला नसता, कारण आमच्या तक्रारीनंतर त्या पानावरचा मजकूर बदलण्यात आला आणि गाडीच्या नावाऐवजी तिथे केवळ मार्गाचे नाव राहिले. बँकेने अखेर रक्कम परत केली. परकीय चलनाच्या व्यवहाराचे शुल्क मात्र कापलेलेच राहिले.