थांबून थांबून बंद पडणारं बोटीचं डिझेल इंजिन: आधी कॅन, गेज की पारदर्शक नळी?

बोटीच्या पोटातलं जुनं इंजिन वीस मिनिटं बरं चालतं, मग आरपीएम खाली-वर होतात आणि ते बसतं. असं झालं की फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) बदला, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदला, असे सल्ले सुरू होतात. पण घाण टाकीत असेल तर नव्या पंपालाही तीच घाण ओढावी लागणार. सुटे भाग घेण्याआधी वेगळा कॅन, व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळी या तीन तपासण्यांपैकी एक तरी करावी. कोणती, ते इंजिन कसं बंद पडतं यावर ठरतं.

न्यूट्रलमध्ये ठीक, लोड आला की दम तोडतं, आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालतं? मग बहुधा कुठेतरी चोकअप आहे. ओढ थांबली की पिकअपच्या (टाकीतून डिझेल उचलणाऱ्या नळीच्या) तोंडाशी चिकटलेला गाळ सुटतो, म्हणून ते चालू होतं. लाइनमधली एअर (अडकलेली हवा) काढली की चालतं आणि थोड्या वेळाने पुन्हा बसतं, तर ते कुठून तरी एअर घेतंय. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. त्यामुळे सैल जोडातून डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. डिझेलचा डाग नाही म्हणून जोड पक्का, हा समज इथे फसवतो.

माझी पहिली पसंती वेगळ्या कॅनला. स्वच्छ डिझेलचा कॅन घ्यायचा, नळी थेट फीड पंपाला जोडायची आणि रिटर्नही (इंजिनाकडून परत येणाऱ्या जादा डिझेलची नळी) कॅनमध्येच सोडायचा. कॅन टाकीच्याच पातळीला ठेवा. उंचावर टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आणि अशक्त पंपही धडधाकट वाटतो. बोट पक्की बांधून, गिअर टाकून, लोडवर चालवा. न्यूट्रलमध्ये घेतलेली ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी आहे. इंजिन नीट चाललं तर दोष टाकी, पाइप किंवा पहिल्या फिल्टरकडे. तरीही बसलं तर फीड पंपापासून पुढे शोधा. अर्धी यंत्रणा एका झटक्यात निर्दोष ठरते, हे बाकीच्या दोन तपासण्यांना जमत नाही.

व्हॅक्यूम गेज, म्हणजे लाइनमधली ओढ मोजणारा काटा, पहिला फिल्टर आणि फीड पंप यांच्यामध्ये बसतो. फिल्टर किंवा पाइप तुंबला की काटा चढतो. मात्र लाइन एअर घेत असेल किंवा पंपच थकला असेल, तर काटा खालीच राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून आज बिघाड शोधायला मी एकट्या गेजवर विसंबणार नाही. कायमचा बसवायला मात्र तो उत्तम: नवा फिल्टर टाकल्यावर पूर्ण आरपीएमला काटा कुठे होता ते लिहून ठेवा, म्हणजे पुढचा चोकअप इंजिन बंद पडण्याआधीच दिसेल.

एअरचा संशय असेल तर पारदर्शक नळीला तोड नाही. डिझेलला चालणारा तुकडा फीड पंपाच्या आधी लावा, बुडबुडे दिसले की एकेक जोड मागे सरकत टाकीकडे जा. ज्या जोडाच्या टाकीकडच्या बाजूला बुडबुडे थांबतात, तो जोड उघडा. तिथे बरेचदा फिल्टरची जुनी रबरी रिंग किंवा दबलेला तांब्याचा वॉशर निघतो. फिल्टर नुकताच बदलला असेल तर सुरुवातीचे बुडबुडे मनावर घेऊ नका. काम झालं की नळी काढून टाका, आगीपुढे ती टिकत नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर कॅनची चाचणी बोटीत करूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. तिथे टाकीतून इंधन बाहेर पडतं त्या जोडावरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळी तुटली तरी टाकीतलं इंधन आपोआप वाहू न देणारा) अडकलाय का, ते जाणकाराकडून आधी तपासून घ्या.

या सगळ्याआधी एक फुकटची तपासणी आहे. डिझेलचं इंजिन दम तोडायला लागलं की टाकीचं झाकण सैल करा. आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) तुंबलाय. आणि कॅनवरही इंजिन बसत असेल तर डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास असेल, तर इंजिनवरच्या मेकॅनिकल फीड पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलेला असू शकतो. मग ऑइल बदलल्याशिवाय इंजिन पुन्हा चालवू नका.